दहा जण, जोडलेली दोन टेबलं: ऑर्डर एकानेच द्यावी की ज्याची त्याने?

खमंग_फोडणी

सुट्ट्यांत गाड्या हायवेला लागल्या की दुपारी एकच्या सुमाराला कुठल्याही फॅमिली रेस्टॉरंटमध्ये हे बघायला मिळतं. दहा माणसं, तीन मेनूकार्डं आणि डोक्याशी उभा वेटर. "काय घ्यायचं?" "मला काहीही चालेल." ज्याला काहीही चालतं, त्यालाच नंतर भेंडी चालत नाही.

माझं मत: ऑर्डर एकानेच द्यावी. बाकीच्यांनी आपापली पथ्यं आधी सांगून मोकळं व्हावं आणि मग पापड खात बसावं.

हिशोब साधा आहे. भाजीची एक प्लेट साधारण अडीच-तीन जणांना पुरते. दहा जणांत दोन पोरं आणि दोन म्हातारी माणसं असतील तर तीन भाज्या, एक डाळ, दोन राइस खूप झाले. रोट्या पहिल्या फेरीत माणशी एकच. ज्याने त्याने सांगितलं की सात भाज्या येतात आणि निम्म्या तशाच राहतात. त्यातही पनीर बटर मसाला, पनीर टिक्का मसाला आणि व्हेज माखनवाला अशा तिन्ही मागवल्या जातात. बहुतेक ठिकाणी या तिन्हींचा पाया एकच लाल ग्रेव्ही असते, वरचं सामान तेवढं बदलतं. सांगणाऱ्या तिघांनी एकमेकांचं ऐकलेलंच नसतं. एकाच्या हातात सूत्रं असली की तो एक लाल, एक पालकाची आणि एक सुकी (जिरा आलू, भेंडी मसाला) अशी वाटणी करतो.

अर्धी_रोटी

असहमत. हा "एक" कोण ते आधी सांगा. बऱ्याच घरांत जो बिल भरतो तोच, आणि तो स्वतःच्या जिभेला विचारून ऑर्डर देतो. त्याला झणझणीत आवडतं म्हणून व्हेज कोल्हापुरी येते आणि पोरं नुसता जिरा राइस चिवडत बसतात.

"पथ्यं आधी सांगा" हे लिहायला सोपं आहे. लग्न होऊन महिना झालेली सून भर टेबलावर सासऱ्यांना "मला वांगं चालत नाही" म्हणेल का? ती काही बोलणार नाही, डाळ-रोटी खाऊन उठेल. वेटर तिच्या खुर्चीपाशी आला तर निदान तिला तोंड उघडायची संधी मिळते.

आणि ॲलर्जीचा निरोप तिसऱ्याच्या तोंडून जाऊच नये. पांढऱ्या ग्रेव्हीत काजू वाटलेला असतो, लाल माखनीतही बहुधा असतोच. "हिला काजू नको" हे वाक्य किचनमध्ये पोचेपर्यंत "वरून काजू घालू नको" असं होतं. ज्याला त्रास होतो त्याने स्वतः वेटरकडे बघून विचारावं, "ग्रेव्हीत काजूची पेस्ट आहे का?" वेटर घुटमळला तर दाल तडका घ्यावा आणि त्यातही काजू नाही ना, हे किचनमधून विचारून आणायला लावावं.

तंदूरबाजू

दोघांच्या भांडणात किचनची बाजू सांगतो.

वेटर जे लिहून नेतो त्याला केओटी म्हणतात. मोठ्या किचनमध्ये तिच्या चिठ्ठ्या वेगवेगळ्या सेक्शनला जातात: तंदूर, इंडियन, चायनीज, साउथ. सेक्शन एकमेकांची वाट बघत नाहीत. टेबलावर डोसा, हक्का नूडल्स, पनीर आणि बिर्याणी असं चौफेर सांगितलं की डोसा आधी येतो, नूडल्स नंतर आणि भाजी सगळ्यांत शेवटी. डोसा मागवणारा बाकीच्यांसाठी संकोचाने थांबतो, डोसा चामट होतो. तीन डोसे असतील तर आणखी मजा, कारण गर्दीत तव्यावर तुमच्या आधीच्या टेबलांचे डोसे असतात.

उलट एकच पदार्थ तीन प्लेट सांगितला तर कढईत एकाच वेळी होतो. म्हणून जेवढे सेक्शन कमी तेवढं जेवण लवकर. दहा जणांना दोन सेक्शन बास.

रोट्यांचंही तेच. बारा बटर नान एकदम मागवू नका. मैद्यातला स्टार्च गार होताना घट्ट होतो, पाच-सात मिनिटांत नान चिवट. "चार-चार करून पाठवा, आम्ही सांगू तेव्हा पुढच्या" असं वेटरला स्पष्ट सांगायचं. पोरांचं आधी हवं असेल तर त्याची केओटी वेगळी पाठवायला सांगा. आणि शेवटी ऑर्डर वाचून दाखवायला लावा. निम्मे घोटाळे तिथेच सापडतात.

खमंग_फोडणी

@तंदूरबाजू, म्हणजे माझाच मुद्दा. दहा तोंडांनी सांगितलं तर सेक्शन मोजणार कोण?

@अर्धी_रोटी, बिल भरणारा आणि ऑर्डर देणारा एकच हवा असं मी कुठे म्हटलं? ज्याला खरोखर सगळं चालतं आणि जो सगळ्यांच्या आवडी ओळखून असतो, त्याला बसवा. बहुतेक घरांत एक आत्या किंवा मावशी असतेच. सुनेचं वांगं तिला न सांगता माहीत असतं. आणि हे काम गाडीतच उरकायचं, पोचायच्या अर्धा तास आधी. भुकेल्या माणसांची मतं घ्यायची नसतात.

ताटवाटी

एवढा खल कशाला? दहा थाळ्या सांगा, विषय संपला. ताट दहा मिनिटांत समोर, गरम फुलका वाढपी आणून टाकतो, रुसवे-फुगवे नाहीत.

अर्धी_रोटी

@ताटवाटी, अनलिमिटेड थाळीत एका ताटात दोघांनी खाल्लेलं चालत नाही. पाच वर्षांचं पोर दोन पुऱ्या आणि श्रीखंड खातं, पैसे बऱ्याच ठिकाणी पूर्ण. आजी अर्धा फुलका खातात, पैसे तेवढेच. लिमिटेड असेल तर जादा वाटीचे वेगळे. सहा खाणारे असतील तर सहा थाळ्या आणि बाकीच्यांना साधी ऑर्डर हे जमतं, पण बसण्याआधी विचारून घ्या.

साखर_कमी

एक गोष्ट कोणीच बोललं नाही. टेबलावर मधुमेही असेल आणि जेवणाआधीचं जलद इन्सुलिन घेत असेल, तर सुई गाडीतून उतरल्या उतरल्या घ्यायची नाही. डॉक्टरांनी जेवणाआधी 15 मिनिटं सांगितली असतील तर ती ताटापासून मागे मोजायची. हॉटेलात ऑर्डर चाळीस मिनिटं रखडली आणि सुई आधीच टोचलेली असेल, तर साखर खाली जाते: घाम, थरथर, चिडचिड. घरचे म्हणतात भूक सहन होत नाही यांना.

म्हणून अशा माणसाची डाळ-रोटी पहिल्या केओटीत. ती एकाने सांगितली काय आणि दहांनी काय.

गल्लापेटी

बिलापाशी या. ज्याने त्याने मागवलेल्या टेबलावर मसाला पापड किती आले हे कोणालाच आठवत नसतं. ऑर्डर एकाने दिली की बिल तपासणाराही ठरलेला असतो.

काय बघायचं? साध्या रेस्टॉरंटला जीएसटी 5 टक्के. सर्व्हिस चार्ज वेगळा लावला असेल तर तो ऐच्छिक आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै 2022 मध्ये तशा सूचना काढल्या आणि दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च 2025 मध्ये त्या कायम ठेवल्या. काढायला सांगा, ऐकलं नाही तर ग्राहक हेल्पलाइन 1915.

पाण्याच्या बाटलीवरून मात्र उगाच हुज्जत घालू नका. बसून खायच्या ठिकाणी एमआरपीपेक्षा जास्त घेता येतात, असा सर्वोच्च न्यायालयाचा 2017 चा निकाल आहे. बसल्या बसल्या "साधं पाणी आणा" म्हणा. बाटलीचं बूच उघडल्यावर वाद घालून उपयोग नाही.

अर्धी_रोटी

@गल्लापेटी, बिल तपासायला एक माणूस हवा, कबूल. ऑर्डरला अजूनही नाही. पोरांना आणि म्हाताऱ्यांना वेटरने स्वतः विचारावं, भाज्यांचं आत्याने बघावं.

तंदूरबाजू

भात तेवढा पहिल्या ऑर्डरमध्ये कोणीच सांगू नका. रोट्या संपत आल्या की मागवा. तोवर कोणाला किती भूक उरली ते कळलेलं असतं, आणि शिजलेला भात तयार असतो, जिरा राइस पाच-सात मिनिटांत येतो. उरलेला भात पार्सल करून उन्हातल्या गाडीत ठेवणार असाल तर तासाभरात संपवा. संध्याकाळी गरम केला तरी त्यात जंतूंनी तयार केलेलं विष जात नाही.