मदत हवी आहे: गॅरेजमध्ये गोल्फ सिम्युलेटर करायचाय, छत ९ फुटी आणि मुलगा डावखुरा

नमस्कार मंडळी, मी मिशिगनमध्ये डेट्रॉइटजवळ नोव्हायला राहतो. पुण्यात असताना गोल्फशी संबंध एवढाच की येरवड्याला जाताना रिक्षावाल्याला "गोल्फ क्लब चौकात सोडा" म्हणायचं. इथे येऊन चाळिशीत नाद लागला, आणि लागला तो अशा ठिकाणी की नोव्हेंबरात कोर्स बंद झाले की डायरेक्ट एप्रिल. मग आता गॅरेजमध्येच सिम्युलेटर करू म्हटलं (म्हणजे समोरच्या पडद्यावर खरा बॉल मारायचा, मशीन तो मोजतं आणि तो कुठे गेला असता ते प्रोजेक्टरने पडद्यावर दिसतं). इथे कुणी केलंय का?

गॅरेज टू-कार, २० बाय २० फूट, छत ९ फूट. ऐकायला ऐसपैस वाटतं पण मागच्या भिंतीला स्वयंपाकघराच्या दाराच्या पायऱ्या आणि बाजूला वॉटर हीटर, त्यात ३ फूट गेले, म्हणजे हातात राहिले १७. छताची गंमत तर वेगळीच. माझी उंची ५ फूट १० इंच, ड्रायव्हर (सगळ्यात लांब क्लब) साडेपंचेचाळीस इंची. मी मुलाला शिडीवर टेप घेऊन उभं केलं आणि अगदी स्लो मोशनमध्ये स्विंग केला तर क्लबचं टोक ८ फूट ८ इंचांपर्यंत गेलं. म्हटलं चला, ४ इंच शिल्लक, बसतंय. दुसऱ्या दिवशी मधोमध उभं राहून जरा जोरात फिरवला आणि गॅरेज ओपनरच्या (दार उघडणाऱ्या मोटरच्या) दिव्याचं कव्हर खळकन खाली. छत ९ फुटांवर असलं तरी ओपनर आणि त्याचा लोखंडी रूळ बरोब्बर मधोमध चांगला फूटभर खाली लोंबतोय हे मी मोजलंच नव्हतं! बायको दारात उभी होती, काही बोलली नाही, फक्त केरसुणी आणून दिली.

मग एका बाजूला सरकून का खेळत नाही, तर चिरंजीव डावखुरे. उजव्या हाताने खेळणारा एकटाच असेल तर थोडं कडेला उभं राहून भागतं, पण दोघांना खेळायचं तर बॉल मधोमधच हवा, आणि मधोमध तो ओपनर.

दुसरा घोळ लॉन्च मॉनिटरचा, म्हणजे बॉलचा वेग-दिशा मोजणाऱ्या मशीनचा. माझ्याकडे गार्मिनचा आर१० आहे, सेकंडहँड मिळाला. तो रडारवर चालतो, बॉलच्या मागे ६ ते ८ फुटांवर ठेवावा लागतो आणि पुढे बॉलला किमान ८ फूट उडायला जागा लागते. बॉल उलटा अंगावर येऊ नये म्हणून मला पडदा १० फूट लांब हवाय, पडद्यामागे १ फूट मोकळा (नाहीतर बॉल पडद्यासकट मागे आपटणार). १० अधिक १ अधिक मागचे ७ (६ वर अगदी काठोकाठ, म्हणून मधला आकडा धरला) = १८. आणि आहेत १७. एका फुटासाठी अडलंय सगळं! स्कायट्रॅकसारखं कॅमेऱ्यावालं मशीन बॉलच्या शेजारी बसतं, त्यात मागची जागा वाचते, पण पैसे कितीतरी जास्त आणि डावखुऱ्याची पाळी आली की उचलून पलीकडे ठेवा. छताला लावायचे पण मिळतात, त्यात उजवं-डावं काही राहत नाही, पण किंमत बघून मी टॅब बंद केला.

पडदा कुठल्या बाजूला लावू हेही ठरत नाहीये. मागच्या भिंतीला लावला तर चुकलेला बॉल वॉटर हीटरवर, आणि प्रत्येक फटक्याला स्वयंपाकघरात धप्प. गॅरेजच्या दाराकडे लावला तर दाराच्या फटीतून गार वारं, शिवाय फरशीला त्या बाजूला उतार असतो पाणी बाहेर जायला, म्हणजे मॅट पण तिरकी. सध्या मी दाराच्या बाजूचा आहे. मॅटखाली प्लायवूडच्या पाचरी मारून लेव्हल करता येईल असं वाटतं, कुणी केलंय?

थंडीचं आधीच सांगून ठेवतो कारण त्यात एकदा हात पोळलेत. गॅरेजमध्ये एकच १५ अँपिअरचं सर्किट. १५०० वॉटचा हीटर म्हणजे साडेबारा अँपिअर तिथेच गेले, त्यात पीसी आणि मित्राकडून आणलेला प्रोजेक्टर लावला आणि ब्रेकर पडला. मी अंधारात "जाऊ दे उद्या बघू" म्हणून झोपायला गेलो. डीप फ्रीझर त्याच सर्किटवर होता. ते लक्षात येईपर्यंत पापलेट मऊ, खोबऱ्याच्या पिशव्यांना पाणी सुटलेलं, आणि सासूबाईंनी करून ठेवलेल्या पुरणपोळ्या... जाऊ दे. तेव्हा मिनी-स्प्लिट (भिंतीवरचा, गरम हवाही देणारा एसी) आणि वेगळं सर्किट इलेक्ट्रिशियनकडूनच, यावर घरात चर्चा संपलेली आहे. तसंच हिची गाडी रात्री आतच लागणार, हेही. म्हणजे पडदा गुंडाळता आला पाहिजे आणि मॅट उचलून ठेवता आली पाहिजे.

सासूबाई सध्या इथेच आहेत. त्यांचा प्रश्न: "गाडी आत घ्यायची म्हणून रोज खेळ आवरायचा, मग तळघरातच का नाही?" तळघराचं छत साडेसात फूट आहे हो आई.

अपडेट: प्रतिसादांबद्दल आभार. भिंतीवरचा ओपनर (जॅकशाफ्ट) सुचवलात ते डोक्यातच आलं नव्हतं. तो दाराच्या वरच्या स्प्रिंगच्या दांड्याला बाजूने जोडतात म्हणे, म्हणजे मधला रूळच गायब. आत्ता जाऊन बघितलं, आमच्याकडे दांडा-स्प्रिंगवालंच दार आहे. शिवाय दार ७ फुटी आहे, वर २ फूट मोकळे, त्यामुळे हाय-लिफ्ट ट्रॅक टाकून उघडं दारही छताजवळ नेता येईल का ते विचारतोय. स्प्रिंगला मी स्वतः हात लावणार नाही, काळजी नसावी, तेवढी अक्कल आहे.

तरी राहिलेले प्रश्न: जॅकशाफ्ट बसवल्यावर ९ फुटांत ड्रायव्हर मारताना तुम्हाला मनात धाकधूक होते का, की सवय होते? आणि तो एक फूट... बॉल ते पडदा १० ऐवजी ९ केला तर बॉल किती जोरात परत येतो? ज्याच्या नडगीवर बसलाय त्यानेच सांगा.