इंजिन बंद पडलं की हेलिकॉप्टर दगडासारखं खाली येतं का?

झोपमोड_कावळा:
रात्री झोप येत नव्हती म्हणून एका छोट्या दोन सीटच्या हेलिकॉप्टरच्या अपघाताचा रिपोर्ट वाचत बसलो. उडता उडता इंजिनची पॉवर गेली, पायलटने शेतात उतरवलं पण शेवटी आडवं झालं, पाती तुटली, दोघं जण खरचटण्यावर निभावले. आता मला वाटायचं विमान निदान तरंगत तरी येतं, हे तर सरळ आपटायला हवं ना? आणि दुसरं म्हणजे टाकीत इंधन होतं, नंतर इंजिन चालवून बघितलं तर मस्त चाललं, आणि शेवटी लिहिलंय कारण समजलं नाही. मग हवेत काय भूत बसलं होतं का?

अर्धवट_पायलट:
आपटत नाही हो. सायकलला फ्रीव्हील असतं ना, उतारावर पायडल थांबवलं तरी चाक फिरत राहतं, तसंच रोटर (वरचा फिरणारा पंखा) आणि इंजिनच्या मध्ये असतं. इंजिन मेलं तरी रोटर सुटा फिरतो आणि हेलिकॉप्टर खाली येताना खालून येणारी हवा त्याला भिरभिऱ्यासारखं फिरवत ठेवते, याला ऑटोरोटेशन म्हणतात. पण अट एकच, कलेक्टिव्ह म्हणजे डाव्या हातातला दांडा लगेच खाली गेला पाहिजे. रॉबिन्सन आर२२ सारख्या हलक्या मशीनचा रोटर इतका हलका की तुमच्याकडे साधारण एक सेकंद असतो, बस. रोटरचा वेग नेहमीच्या ९७ टक्क्यांच्या खाली आला की हॉर्न वाजतो आणि ८० च्या आसपास गेला की पाती स्टॉल होतात, म्हणजे उचलून धरणं सोडतात, तिथून परत येणं नाही. म्हणूनच अमेरिकेत १९९५ साली आर२२ आणि आर४४ साठी वेगळ्या ट्रेनिंगचा नियमच केला. मी शिकताना इन्स्ट्रक्टर थ्रॉटल मागे घेणार हे माहीत असायचं तरी पोटात गोळा यायचा, आणि खरं इंजिन सांगून थोडंच बंद पडतं.

नंतर ६५ नॉटचा स्पीड धरायचा, जमिनीपासून ४० फुटांवर नाक वर करून वेग मारायचा आणि रोटरमध्ये साठलेली ताकद शेवटच्या क्षणी एकदाच वापरायची. ती एकदाच मिळते. ५०० फुटांवर असाल तर हे सगळं वीसेक सेकंदात उरकायचं, जागा शोधण्यासकट. आडवं का झालं म्हणाल तर नांगरलेल्या ढेकळांत थोडा जरी पुढचा वेग राहिला की स्किड (चाकांऐवजी खाली असलेली पट्टी) रुततो आणि कलंडतं. दोघं चालत बाहेर आले ना, मग माझ्या मते पायलट पास.

तेलकट_हात:
दुसऱ्या प्रश्नाचं मी सांगतो. भूत नाही, बर्फ असू शकतो. कार्ब्युरेटरमध्ये इंधनाची वाफ होते आणि अरुंद नळीत हवेचा दाब पडतो त्यामुळे आतलं तापमान २० अंशांनी सुद्धा खाली येतं, म्हणजे बाहेर छान १५-२० डिग्री आणि दमट हवा असली तरी आत बर्फ धरतो. लोकांना वाटतं बर्फ म्हणजे कडाक्याची थंडी, उलट कोरड्या थंडीत धोका कमी. आणि यात गंमत बघा (गंमत कसली म्हणा), बर्फाने पॉवर घटायला लागली की गव्हर्नर (इंजिनचा वेग आपोआप कायम राखणारं यंत्र) गुपचूप थ्रॉटल उघडत जातो, आरपीएम जागेवरच दिसतो, पायलटला वाटतं सगळं ठीक आणि मग थ्रॉटल संपतो. जमिनीवर आल्यावर गरम इंजिन तो बर्फ वितळवून टाकतं, तपासणाऱ्याला मिळणार काय? म्हणून त्या दिवशीचं तापमान आणि दवबिंदू (ज्या तापमानाला हवेतल्या बाष्पाचं पाणी व्हायला लागतं) रिपोर्टमध्ये बघा, जवळ जवळ असतील तर संशय तिकडेच.

झोपमोड_कावळा:
आत्ता परत उघडून बघितलं, १४ आणि ११. बापरे. पण मग कार्ब हीट म्हणून काहीतरी असतं ना, ती ओढली नसेल का?

तेलकट_हात:
असते की, गरम हवा आत घेते. पण ती बर्फ धरायच्या आधी हवी, इंजिन मेल्यावर ओढून काय उपयोग, गरम करणारं इंजिनच नाही. आर४४ च्या रेव्हन टू ला फ्युएल इंजेक्शन आहे, तिथे ही भानगड नाही.

अर्धवट_पायलट:
आणि रिपोर्टमध्ये उंची दिलीय का? १०० फुटांवर एका जागी तरंगत असताना पॉवर गेली असती तर वर मी लिहिलेलं सगळं पाण्यात, तेवढ्यात रोटरला वेग धरायला वावच नसतो.

झोपमोड_कावळा:
९०० फूट लिहिलंय.