चर्चा: विकायच्या घरातली ओल रंगाखाली झाकावी का?

पडवीतून
रत्नागिरीजवळच्या गावात आमचं जांभ्याचं घर आहे, बाबांनी १९७८ साली बांधलेलं. मी पुण्यात, भाऊ ठाण्यात. दार उघडतं ते गणपती आणि शिमग्याला. आता विकायचं ठरलंय, मुंबईचं एक गिऱ्हाईक दिवाळीनंतर बघायला येतंय. अडचण पश्चिमेच्या भिंतीची. जमिनीपासून कमरेपर्यंत पोपडे, लोणा लागलेला, हात फिरवला की पांढरी पूड हाताला येते. भाऊ म्हणतो, पुट्टी मारून दोन हात रंग देऊ, विषय संपला. मला ते पटत नाही. तुम्ही काय केलं असतं?

व्यवहारी_काका
रंग द्या. कोकणात ओल कुठल्या घरात नाही? गिऱ्हाईक बघतं विहीर, रस्ता आणि कलमं. गणपतीला आपण दरवर्षी भिंती रंगवतो, तेव्हा कोणाला फसवतो का?

साठेखत_आधी
काका, गणपतीला घर विकत नाही आपण. मालमत्ता हस्तांतरण कायदा, १८८२, कलम ५५ वाचा. विकणाऱ्याला माहीत असलेला आणि घेणाऱ्याला साधारण काळजी घेऊनही सापडणार नाही असा महत्त्वाचा दोष सांगणं बंधनकारक आहे. न सांगणं ही फसवणूक धरली जाते.

व्यवहारी_काका
तेच तर म्हणतो. 'सापडणार नाही असा' दोष. पोपडे आलेली भिंत आंधळ्यालाही सापडेल. मग सांगायची सक्ती कुठे आली?

साठेखत_आधी
आज सापडेल. पुट्टी मारल्यावर? दिसणारा दोष तुम्हीच न दिसणारा करणार आणि मग म्हणणार, त्याने नीट बघितलं नाही. भिंत आहे तशी ठेवलीत तर तुमची बाजू उलट जास्त भक्कम.

चुनखडी
(बांधकामातला माणूस, म्हणून जरा लांबण.) कायद्याआधी ओल येते कुठून ते बघा. जांभा सच्छिद्र दगड, जमिनीतलं पाणी दिव्याच्या वातीसारखं वर ओढतो. कमरेपर्यंतच आहे म्हणजे बहुधा खालून चढलेली. कौलं गळत असती तर ओघळ वरून दिसले असते. आता दोन प्रश्न. आतून सिमेंटचा गिलावा केलाय का? आणि अंगणात मागाहून भर किंवा पेव्हर ब्लॉक घातलेत का? जुन्या चुन्याच्या गिलाव्यातून भिंत सुकायची. सिमेंट म्हणजे भिजलेल्या माणसाला वरून रेनकोट. पाणी बाहेर पडू शकत नाही, म्हणून आणखी वर चढतं. ऑइलपेंट दिलात तर एका पावसाळ्यात फुगे येतील. करायचंच असेल तर अंगण जोत्याच्या खाली न्या, पागोळ्यांचं पाणी पन्हळीने लांब सोडा, तीन-साडेतीन फूट सिमेंट खरवडून भिंत उघडी ठेवा. मग चुना. सुकायला वेळ लागतो, दिवाळीपर्यंत होणार नाही.

नवा_रंग_जुनी_भिंत
मी घेणाऱ्यांपैकी. एप्रिलमध्ये घर बघितलं, आत शिरताच ताज्या रंगाचा वास. वाटलं, किती निगुतीनं ठेवलंय! जुलैत लाकडी कपाट पुढे ओढलं तर मागे काळी बुरशी, सासूबाईंच्या पैठणीला वास तो वेगळाच. विकणाऱ्याला फोन केला तर म्हणाला, "आम्ही होतो तेव्हा नव्हतं." माझा राग ओलीवर नाही हो. ओल मी पत्करली असती. त्या वाक्यावर आहे.

व्यवहारी_काका
वाईट झालं. पण दुसरी बाजूही ऐका. ओल स्वतःहून सांगितलीत की लाखाचं काम गिऱ्हाईकाच्या तोंडी पाच लाखांचं होतं. "भिंतच पाडावी लागेल" म्हणतो आणि भाव पाडतो. खरं बोलणाऱ्याने घाटा का सोसायचा?

चुनखडी
हा मुद्दा मान्य. म्हणून आधी गवंड्याकडून खर्चाचा कागद लिहून घ्या. घासाघीस मग त्या आकड्यावर होते, भीतीवर होत नाही.

साठेखत_आधी
आणि तो कागद साठेखताला जोडा. 'पश्चिमेच्या भिंतीला ओल, खरेदीदाराने पाहिली' एवढी ओळ पुरे.

पडवीतून
चुलतभावाला टेप घेऊन पाठवलं. जोतं एक वीत आणि चार बोटं पेव्हर ब्लॉकखाली गाडलं गेलंय. ते ब्लॉक बाबांनीच घातलेले, आईचे पाय चिखलात घसरू नयेत म्हणून. गिलावाही सिमेंटचाच निघाला. रविवारी भिंतीलगतच्या दोन रांगा उखडतोय. भाऊ चिडलाय, पेंटरला दिलेला पाच हजारांचा इसार बुडाला म्हणून. गिऱ्हाईकाला काल जुलैमधले भिंतीचे फोटो पाठवले.

व्यवहारी_काका
झालं. आता उत्तर येतंय होय!

पडवीतून
काका, दोन निळ्या खुणा दिसतायत. वाचलंय.