पायथन: फाइल वाचताना तीन ओळी मागे कसं जायचं?

गोदाकाठ, नाशिक:
लासलगाव, पिंपळगाव, येवला इथल्या कांदा आवकेची एकच टेक्स्ट फाइल आहे. युटीएफ-८, ४० लाख ओळी, मशीन विंडोजचं. मध्येच 'दुरुस्ती' अशी ओळ येते, की वरच्या तीन ओळी परत वाचायच्या. फॉर लूपमध्ये टेल() (फाइलमध्ये आत्ता कुठे आहोत ते सांगणारं) लिहिलं की ओएसएरर. सीक(-१००, १), म्हणजे आहे तिथून १०० मागे जा, हे पण नाकारतंय. रीडलाइन्स()ने सगळ्या ओळी एकदम येतात, रॅम भरते.

पंचवटीकर:
मागे जाताच कशाला? कलेक्शन्स मॉड्यूलमधला डेक (दोन्ही टोकांची रांग) घ्या, मॅक्सलेन=३, म्हणजे जास्तीत जास्त तीन ओळी. चौथी ओळ आली की सगळ्यात जुनी आपोआप गळते. फक्त आधी ओळ तपासा, मग अपेंड करा. उलट केलंत तर 'दुरुस्ती'च तीनातली एक जागा खाईल.

द्राक्षबाग:
वरचं उत्तर बरोबर, पण तीनच ओळी ठरलेल्या असतील तरच. एरर का येते? टेक्स्ट मोडमध्ये फॉर लूप पुढचा मजकूर गठ्ठ्याने उचलून ठेवतो आणि वेगासाठी टेल() बंद करतो. व्हाइल लूपमध्ये रीडलाइन() वापरा, टेल() चालेल. रिकामी ओळ म्हणजे फाइल संपली असं धरू नका. तिच्यात '\एन' (ओळ संपल्याची खूण) असतो. ती खूण काढणारं स्ट्रिप() या तपासणीनंतरच.

कितीही मागे जायचं असेल तर फाइल 'आरबी'मध्ये (बाइट जसेच्या तसे वाचणारा मोड) उघडा, प्रत्येक ओळीच्या सुरुवातीचं टेल() साठवा आणि हवं तिथे सीक() करा. ओळ वाचल्यावर डीकोड('युटीएफ-८'). साठवायला साधी लिस्ट नको, ॲरे('क्यू') (फक्त पूर्णांक ठेवणारा) घ्या: ओळीमागे ८ बाइट, म्हणजे ४० लाखांना सुमारे ३२ एमबी.

गोदाकाठ:
टेल()ऐवजी लेन(ओळ), म्हणजे ओळीची लांबी, जोडत गेलं तर?

द्राक्षबाग:
टेक्स्ट मोडमध्ये हमखास फसाल. 'कांदा'ची लेन() ५ येते (काना, अनुस्वार सुटे मोजले जातात), डिस्कवर मात्र १५ बाइट. शिवाय विंडोजच्या फाइलीत ओळीच्या शेवटी दोन बाइट असतात, टेक्स्ट मोड त्यांचा एकच करतो; दर ओळीला एक बाइट घसरत जातो. 'आरबी'मध्ये लेन() म्हणजे बाइटच, तिथे बेरीज जुळते.

पंचवटीकर:
सीक()ने मागे गेलात की तीच 'दुरुस्ती' पुन्हा समोर येणार आणि लूप तिथेच गरगरत राहणार. उडी मारण्याआधी तिच्या पुढच्या ओळीचा ऑफसेट (फाइलमधली जागा) धरून ठेवा, तीन ओळी वाचून झाल्या की थेट तिथे सीक() करा.