प्रतिसाद: हिरड्या आणि आमवात

हिरड्यांतले जंतू रक्तातून सांध्यांत जाऊन बसतात म्हणून आमवात (सांधे सुजण्याचा आजार, रुमेटॉइड आर्थ्रायटिस) होतो, हे म्हणणं पुरतं पटत नाही. जंतू रक्तात उतरतात हे खरं, अगदी चावताना किंवा ब्रश करतानाही. पण खरी गडबड आपल्याच प्रतिकारशक्तीत होत असावी. पोर्फिरोमोनास जिंजिव्हालिस या जंतूकडे एक विकर (एन्झाइम) असतं, ते प्रथिनांतल्या आर्जिनिन या अमिनो आम्लाचं सिट्रुलिन या दुसऱ्या अमिनो आम्लात रूपांतर करतं. प्रथिन आपलंच, पण रूप बदललेलं. काहींचं शरीर त्याला परकं समजून प्रतिपिंडं (अँटीबॉडीज) तयार करतं. आमवातासाठीच्या अँटी-सीसीपी या रक्तचाचणीत शोधतात ती हीच, आणि सांधे सुजण्याच्या कित्येक वर्षं आधीही ती रक्तात सापडू शकतात. आनुवंशिकता आणि धूम्रपान यांचाही वाटा मोठा आहे, एकट्या हिरड्यांवर खापर नको.

माझ्या मावशीला आमवात आहे. औषधं सुरू करतानाच डॉक्टरांनी तिला दंतवैद्याकडे पाठवलं, हे मला फार आवडलं. हिरड्यांतून येणारं रक्त थांबलं, सांध्यांची औषधं मात्र चालूच आहेत. तेव्हा हिरड्यांची खोल सफाई जरूर करून घ्या, पण त्या सफाईच्या भरवशावर मेथोट्रेक्सेट हे आमवाताचं औषध स्वतःहून बंद करू नका.