प्रेमकथेच्या नायकाला आडनाव द्यावे का?

अबोली
माझ्या आईवडिलांनी १९८६ साली पश्चिम महाराष्ट्रातल्या एका जिल्ह्याच्या गावी नोंदणी पद्धतीने आंतरजातीय विवाह केला. आईचे माहेर वाड्यातले, बाबांचे घर गावकुसाबाहेरचे, आणि दोघांची ओळख एका कचेरीतल्या टंकलेखन यंत्रांच्या खडखडाटात झालेली. त्यावरून मी प्रेमकादंबरी लिहीत आहे. सहा प्रकरणे झाली, तरी नायकाला अजून आडनाव दिलेले नाही, कारण मराठीत आडनाव उच्चारले की बहुधा जात कळते. ते दिले, तर वाचक प्रेमकथा विसरून ही ‘सामाजिक कादंबरी’ आहे असे धरून चालेल. न द्यावे, तर बाबांनाच पुसून टाकल्यासारखे होईल. जाणकारांनी मत द्यावे.

जुना वाचक
आमची पिढी ना. सी. फडके यांच्या कादंबऱ्यांवर वाढली आणि मला त्या जगाबद्दल आजही ममत्व आहे. पण तिथे प्रेमात पडण्याचा मान बहुतेक पांढरपेशा, सुशिक्षित मंडळींकडेच असे, हे आता वाचताना डोळ्यांत भरते. आडनावे तिथेही होतीच, फक्त ती वाचणाऱ्यांच्या आडनावांशी मिळतीजुळती असल्यामुळे कोणाला टोचत नसत. त्यामुळे आडनावाने प्रेमकथेचे काही बिघडते, हे मला पटत नाही. ‘सैराट’मधली (२०१६) आर्ची पाटलांची आहे, हे कोणापासून लपवलेले नव्हते, तरी प्रेक्षक आधी भाळले ते त्या दोघांवरच.

मधुमालती
उलट उदाहरणही आहे. सचिन कुंडलकर यांच्या ‘कोबाल्ट ब्लू’ (२००६) या कादंबरीत भाऊ आणि बहीण एकाच पेइंग गेस्टच्या प्रेमात पडतात, आणि त्याला शेवटपर्यंत नाव मिळत नाही. तिथे ते शोभते, कारण तो त्या दोघांनाही पुरता गवसलेला नाही. तुमच्या बाबांचे सगळे अडले होते ते नावापाशीच.

माझेही लग्न नोंदणीचेच, म्हणून एक सुचवते. विशेष विवाह कायद्यानुसार (१९५४) दोघांची नोटीस विवाह अधिकाऱ्याच्या कचेरीत ठळक जागी लावली जाते आणि तीस दिवसांत कोणीही येऊन हरकत नोंदवू शकतो. येणाऱ्याजाणाऱ्याला नावे वाचता येतात, ओळखीचा कोणी निघाला तर बातमी संध्याकाळपर्यंत घरी पोचते, आणि नंतर सही करायला तीन साक्षीदार मिळवायचे असतात ते वेगळेच. कादंबरीकाराला इतका आयता ताण दुसरे कोण देणार? तोपर्यंत नायकाला तुमची आई ज्या नावाने हाक मारायची तेच नाव राहू द्या; आडनाव वाचकाला पहिल्यांदा त्या नोटिशीवर दिसू द्या.

पाणवठा
मधुमालतीताईंची सूचना उत्तम आहे, पण एक धोका वाटतो. आडनाव इतके राखून ठेवले, तर ते रहस्यकथेतल्या उलगड्यासारखे होईल, आणि आमच्यासारख्यांना ‘उलगडले जाण्याचा’ कंटाळा आला आहे. कथा-कादंबऱ्यांतला आमचा नायक एक तर मार खातो, नाही तर कलेक्टर होतो. तो साधा मत्सरी, विनोदी, उधारीवर गजरा आणणारा फारसा भेटत नाही. भाषेचेही तेच. निवेदन प्रमाण मराठीत आणि बोली मात्र एकट्या नायकाच्या आईच्या तोंडी, अशी वाटणी केलीत तर वाचक तिला हसेल. वाड्यातली माणसेही घरात पुस्तकी बोलत नसत. आणि आईबाबा हयात असतील, तर त्यांना वाचून दाखवल्याशिवाय छापू नका.

अबोली
सर्वांचे आभार. काल दोघांना पहिली तीन प्रकरणे वाचून दाखवली. बाबांना मी अतिशय सोशीक केले आहे, अशी आईची तक्रार. ते रुसले की दोन-दोन दिवस बोलत नसत, हे घालायलाच हवे म्हणाली. आडनावाला बाबांची हरकत नाही. नोटिशीचे विचारले तेव्हा म्हणाले, की फळा दाराच्या मागच्या भिंतीवर होता, दार पूर्ण उघडले की तो झाकला जाई, आणि तिथल्या शिपायाने तीस दिवस ते दार सताड उघडे ठेवले होते.