लायसन्सवरचे पॉइंट तुमचे कसे उतरले? (अनुभव धागा)

सिडनीत चौदा वर्षं गाडी चालवत होते, एकही पॉइंट नव्हता (वाहतुकीचा नियम मोडला की दंडाबरोबर लायसन्सवर चढतात ते पॉइंट). ऑक्टोबर २०२२ मध्ये लेबर डेच्या लाँग वीकएंडला ब्लू माउंटन्सहून येताना कॅमेऱ्यात सापडले. वेगमर्यादेच्या दहा ते वीस किलोमीटर वर. एरवी ३ पॉइंट, पण लाँग वीकएंडला डबल, म्हणजे ६. नोव्हेंबरात शाळेपुढच्या ४०च्या पट्ट्यात ५२ने गेले, दुपारी अडीचला ती मर्यादा लागू होते, आणि अडीच वाजून गेलेत हे डोक्यातच नव्हतं. आणखी ४. न्यू साउथ वेल्समध्ये साध्या लायसन्सवर तीन वर्षांत १३ झाले की लायसन्स जातं, आणि माझे झाले १०. लेकीची शाळा, माझी नोकरी, सगळं गाडीवर. रात्री झोप लागेना.

ओळखीतले दोघं म्हणाले, "पॉइंट सासूबाईंच्या नावावर टाक, त्या कुठे चालवतात!" अगदी मायेनं सांगत होते. मी नाही केलं. ड्रायव्हर म्हणून खोटं नाव देणं हा इथे गुन्हा आहे. कळकळीनं सांगते, कुणीही करू नका. १७ जानेवारी २०२३ला सरकारी योजना सुरू झाली: वर्षभर एकही गुन्हा नसेल तर एक पॉइंट परत. २०२४मध्ये माझा एक उतरला. एकच, पण मला रडू आलं.

तुमच्याकडे काय नियम आहेत? लिहा.

एडिसन, न्यू जर्सी
ताई, आमच्याकडे वर्षभर तिकीट नसेल तर ३ पॉइंट कमी होतात. शिवाय डिफेन्सिव्ह ड्रायव्हिंगचा कोर्स केला की २, पण पाच वर्षांतून एकदाच. मला वेगाचे ४ लागले होते. कोर्स सहा तासांचा, शनिवारी बसून संपवला, इन्शुरन्सही तीन वर्षांसाठी थोडा उतरला. एक मात्र नीट समजून घ्या: पॉइंट वजा होतात, तिकिटाची नोंद पुसली जात नाही. मला हे इन्शुरन्सचं नूतनीकरण करताना कळलं.

म्युनिक
इथे फ्लेन्सबुर्गच्या रजिस्टरमध्ये, म्हणजे सगळ्या जर्मनीचे पॉइंट नोंदवतात तिथे, ८ झाले की लायसन्स जातं. ५ किंवा कमी असतील तर सेमिनार करून १ कमी करता येतो, तोही पाच वर्षांतून एकदा. सेमिनारला काहीशे युरो लागतात. माझा लाल सिग्नलचा एकच होता, मी अडीच वर्षं थांबलो, तो आपोआप गेला.

लंडन
आमच्याकडे कोर्स पॉइंट काढत नाही, तो पॉइंटऐवजी असतो. कोर्सचं पत्र आलं की मुदतीत हो म्हणायचं. मी पत्र बाजूला ठेवलं आणि ३ पॉइंट बसले, चार वर्षं रेकॉर्डवर. दुसऱ्याच्या नावावर घालण्याबद्दल ताई लिहितायत ते अगदी खरं. २०१३ साली माजी मंत्री क्रिस ह्यून आणि त्यांच्या आधीच्या पत्नी, दोघांना याच कारणासाठी आठ-आठ महिन्यांची शिक्षा झाली होती.

सिडनी
सगळ्यांचे आभार. एडिसनच्या दादांनी नोंदीचं सांगितलं ते बरं झालं, मीही इन्शुरन्सवाल्यांना विचारते. माझे सगळे आता उतरलेत. लेकीनं नुकतंच लर्नर काढलंय. तिचं ४ पॉइंटांवरच जातं, म्हणून शाळेपुढच्या पट्ट्याच्या वेळा आम्ही दोघींनी मिळून पाठ केल्या.